मांजरपाटाचा पडदा

माझा पडदा मांजरपाटाचा आहे. एका पन्ह्यात हवी तेवढी उंची मिळेना, म्हणून दोन पन्हे जोडावे लागले आणि मधोमध आडवी शिवण आली. पांढरकवड्याच्या एका शिंप्याने २०१० साली तो शिवून दिला, वर-खाली बांबू घालायला नेफे ठेवले आणि म्हणाला, "शिवण दिसन बरं का." दिसते. पडद्यावर चेहरा मोठा आला की ती बरोबर डोळ्यांखालून जाते. सुरुवातीला मला ती फार खुपायची. आता तिची सवय झाली आहे.

हा पडदा, एक प्रोजेक्टर, अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन भोंगे घेऊन मी पंधरा वर्षं यवतमाळ जिल्ह्यात माहितीपट आणि लघुपट दाखवत फिरतो आहे. गावांत दाखवले, बंजाऱ्यांच्या तांड्यांवर दाखवले, कोलामांच्या पोडांवर आणि पारध्यांच्या बेड्यांवर दाखवले. पोट मात्र भरतं लग्नाच्या शूटिंगवर. १९९८ साली व्हीएचएस कॅमेऱ्यावर सुरुवात केली, पुढे कॅमेरे बदलत गेले, धंदा तोच राहिला. हळद, वरात, मंगलाष्टकं, पंगत, पाठवणी. लग्नसराई संपली की पडदा बाहेर निघतो.

कॉलेजची मुलं विचारतात, चांगले माहितीपट कोणते, नावं सांगा. नावं मी सांगतोच, इथेही सांगणार आहे. पण आधी २००६ सालची एक दुपार सांगावी लागेल. हे सगळं काम मी त्या दुपारच्या उधारीवर करतो.

त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात कॅमेऱ्यांची रीघ लागली होती. कापसाचा भाव पडलेला, सोसायटीची आणि सावकाराची कर्जं थकलेली, रोज कुठल्या तरी गावातून कास्तकाराने विष घेतल्याची बातमी. १ जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्याच्या आगेमागे दिल्लीच्या, मुंबईच्या, परदेशातल्या टीम आल्या. त्यांना गावं दाखवणारा माणूस लागायचा. मला इंग्रजी येत नव्हतं, पण कोणत्या पांदणीतून गाडी निघते आणि कोणत्या पांदणीत रुतते हे ठाऊक होतं, आणि कॅमेऱ्याला काय लागतं तेही कळत होतं. दिवसाचे पाचशे रुपये मिळायचे. पावसाळ्यात लग्नं नसतात. ते पाचशे मला हवे होते.

एका टीमबरोबर मी एका घरी गेलो. घर कुडाचं, पुढे पडवी, पडवीत सरकी भरलेलं एक चुंगडं. घरधनी जाऊन तीन महिने झालेले. त्याचा रेशनकार्डावरचा फोटो मोठा करून घेतलेला होता, मागे निळा रंग भरलेला. तो निळा रंग आमच्याच धंद्यातल्या कुणीतरी संगणकावर भरलेला, हे मला लांबूनच ओळखू आलं. बाईंना फोटो हातात घेऊन बसायला सांगितलं. त्या बसल्या. कॅमेरा सुरू झाला आणि ढग आला. मी म्हटलं, "ताई, पुन्हा एकदा." त्यांनी पदराने काच पुसली आणि पुन्हा बसल्या. या खेपेला मागून कुणाचं तरी पोरगं पळालं. "ताई, आणखी एकदा." तिसऱ्या वेळी सगळं जुळलं, पण त्यांच्या डोळ्यांतलं पाणी आटलेलं होतं. टीममधल्या एकाने मला सांगितलं, त्यांना त्या दिवसाबद्दल विचार. मी विचारलं. प्रश्न त्यांचा होता, तोंड माझं होतं.

निघताना त्या गाडीपर्यंत आल्या. "भाऊ, हा पिच्चर आम्हाले दिसन का?"

"दिसन ना, ताई. सीडी आणून देतो."

सीडी आली नाही. मी दोन पत्रं लिहून घेतली, पाठवली. दिलेला फोन नंबर काही महिन्यांनी लागेनासा झाला. फिल्मचं नावसुद्धा मी विचारून ठेवलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी ताई दिसल्या की विचारायच्या, "आला का पिच्चर?" दोन वर्षांनी त्यांनी विचारणं सोडलं. ते जास्त लागलं.

मग मी विदर्भावरचा मिळेल तो माहितीपट मिळवून पाहू लागलो. हेतू एकच, ताई कुठे दिसतात का.

दीपा भाटिया यांचा 'नीरोज गेस्ट्स' २००९ सालचा. पत्रकार पी. साईनाथ विदर्भातल्या घराघरांत जातात आणि कॅमेरा त्यांच्यामागे जातो. नाव रोमच्या इतिहासातून आलं आहे. नीरो बादशहाने बागेत मेजवानी दिली, आणि उजेड हवा म्हणून कैद्यांना जिवंत पेटवलं. साईनाथ म्हणतात, नीरो कसा होता हे माहीतच आहे, पण त्या उजेडात जेवणारे पाहुणे कोण होते? मुंबईच्या फॅशन वीकला पाचशेवर पत्रकार आणि विदर्भातल्या मरणांवर लिहायला बाहेरून आलेले जेमतेम सहा, हा हिशेब ते मांडतात. फॅशन वीकचा विषय सुती कपडे होते, कापूस इथला होता. या चित्रपटात अकोला जिल्ह्यातल्या एका कवी शेतकऱ्याच्या घरचा भाग आहे. त्याने आत्महत्या केली होती, मागे कवितांची वही राहिली होती. त्या घरात साईनाथ प्रश्न कमी विचारतात. ते बसून राहतात. मी ते दहा-बारा वेळा पाहिलं. कॅमेरा घेऊन दुसऱ्याच्या पडवीत कसं बसावं, हे मला तिथे दिसलं, आणि २००६ साली आम्ही कसे बसलो होतो तेही.

ताई त्यात नव्हत्या.

हा चित्रपट गावात लावला तेव्हा माझी पहिली फजिती झाली. बोलणं बरंचसं इंग्रजीत. इंग्रजी पाट्या कोण वाचणार? मी माईक घेऊन बाजूला उभा राहिलो आणि वाक्यामागून वाक्य वऱ्हाडीत सांगू लागलो. वीस मिनिटं झाली असतील. मारुतीच्या पारावरून एक म्हातारे कास्तकार ओरडले, "बापा, तू बोलनं बंद कर. त्याहीचं तोंड पाहू दे." मी माईक बंद केला. पुढचा अर्धा तास पारावर चिटपाखरू बोललं नाही. तेव्हापासून मी सुरू होण्याआधी पाच मिनिटं गोष्ट सांगतो, कोण कोण दिसणार ते सांगतो आणि मग गप्प बसतो. चेहरा वाचायला भाषा लागत नाही असं मी म्हणणार नाही, लागते. पण मध्ये बडबडणारा माणूस नक्कीच लागत नाही.

हे काम करणाऱ्याने आवाजावर पैसे घालावेत. चित्र थोडं फिकं असलं तर लोक समजून घेतात. आवाज फाटला की उठतात. वेळ रात्री साडेआठनंतरची. पुरुष सातलाच येऊन बसतात, पण बायांची भांडी घासून व्हायची असतात, आणि बाया आल्याशिवाय सुरू केलं तर पुढची जागा पुरुषांनी धरलेली असते. मग त्या लांबून, कुडाआडून पाहतात. मी पडद्यापुढची तीन पथाऱ्यांची जागा बायांसाठी राखून ठेवतो आणि ती भरल्याशिवाय प्रोजेक्टर लावत नाही. दिवाळीपासून माघापर्यंत कापसाची वेचणी असते, तेव्हा दाखवू नये. दिवसभर वाकून वेचलेली बाई दहा मिनिटांत झोपते, आणि तिला झोपू द्यावं.

'बिटर सीड्स' हा मिखा पेलेड यांचा २०११ सालचा माहितीपट आमच्याच जिल्ह्यातल्या तेलंग टाकळी या गावातला. पेरणीपासून वेचणीपर्यंतचा एक हंगाम त्यात धरला आहे. एक कास्तकार, लग्नाला आलेली त्याची मुलगी, सावकाराकडे गहाण पडलेलं वावर, आणि २००२ साली देशात परवानगी मिळाल्यावर सगळीकडे पसरलेलं बीटी बियाणं. शेजारची एक तरुण मुलगी पत्रकार व्हायचं म्हणते. तिच्या वडिलांनी आत्महत्या केलेली आहे. घरच्यांना मुलीच्या जातीने गावभर विचारत फिरणं पसंत नाही, तरी ती विचारत फिरते. या चित्रपटाला ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात पुरस्कार मिळाले, परदेशांत तो पुष्कळ दाखवला गेला.

मी तो दहा-बारा कोसांवरच्या दुसऱ्या गावात लावला. पहिली पंधरा मिनिटं लोक गोष्ट पाहतच नव्हते. "हे बैल गावरानी दिसते." "डवरा पाय कसा धरला त्यानं." "पाऊस नसतानी पेरते काहून हा?" सरकीच्या पाकिटांचा रंग दिसला तसा मागून एक जण म्हणाला, "हेच मीनं लावलं होतं त्या साली." मला वाटलं, गेला खेळ हातचा. उलट झालं होतं. शहरात हा चित्रपट दाखवला की लोक पहिल्या मिनिटापासून हळहळतात. इथे लोक आधी त्या माणसाची शेती तपासत होते. त्याची पेरणी चुकली की नाही, त्याने कर्ज कुठून काढायला नको होतं, यावर भांडत होते. पडद्यावरच्या कास्तकाराला त्यांनी आपल्या बरोबरीचा धरलं होतं, आणि बरोबरीच्या माणसाची कीव करत नाहीत, त्याच्याशी वाद घालतात. त्या रात्रीपासून माझी पारख ठरली. ज्याच्या घरात कॅमेरा गेला, त्याला तो चित्रपट शेजाऱ्यांमध्ये बसून, मान वर ठेवून पाहता येतो का? येत असेल तर तो मी फिरवतो. येत नसेल तर कितीही पुरस्कार असोत, पेटीत ठेवतो.

नंदन सक्सेना आणि कविता बहल यांचा 'कॉटन फॉर माय श्राउड' त्याच २०११ सालचा. शोधपत्रकारितेच्या वर्गात त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात संताप आहे, पुरावे आहेत, बियाण्याच्या धंद्याची उलटतपासणी आहे. कृषी सेवा केंद्रवाले, बँकेतली मंडळी, कृषी महाविद्यालयातली मुलं यांनी तो जरूर पाहावा. गावात मी तो दोनदाच लावला. दुसऱ्या वेळी एक बाई मध्येच उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, आमचं मरणच दिसते तुमच्या पिच्चरात. आमच्या घरी लगनंबी होते, पोळाबी होते. थे कवा दाखवसान?" मी लग्नंच शूट करतो हे त्यांना ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

ताई त्यातही नव्हत्या.

एका ठिकाणी सभागृह ठरलं होतं, पत्रिका वाटल्या होत्या, आणि आदल्या संध्याकाळी निरोप आला की जिल्ह्याची बदनामी होते, चालणार नाही. आम्ही पडदा एका समाजमंदिरात लावला. एकदा प्रमाणपत्राची चौकशी झाली. त्यानंतर मी दिग्दर्शकांना आधी लिहितो, परवानगीचं पत्र आणि असेल तर सेन्सॉरचा कागद पेटीत ठेवतो. सांगायला आनंद वाटतो की लिहिलेल्यांपैकी बहुतेकांनी उत्तर दिलं, आणि गावासाठी म्हटल्यावर कुणीही पैसे मागितले नाहीत.

२०१७ चा हंगाम आठवला की अजून पोटात कालवतं. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. एरवी फवारणी कमरेखाली होते, त्या वर्षी नळी वर करून फवारावं लागत होतं आणि औषधाचा धुरळा तोंडावर येत होता. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं विषबाधेने गेली, शेकडो दवाखान्यात पडली. कित्येकांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. पुन्हा टीम आल्या, पुन्हा मला फोन आले. मी गेलो नाही. दिवसाचे दोन हजार देत होते.

त्याच दिवसांत मला एक सुरक्षेची फिल्म दाखवायला दिली गेली. मी ती तीन गावांत लावली, कारण जीव वाचवायचा प्रश्न होता. त्यातला माणूस कोऱ्या कपड्यांत, हातमोजे, चष्मा, तोंडावर मास्क, पायात गमबूट घालून गुडघ्याएवढ्या पिकात सावकाश चालत होता. लोक हसले. एक सालगडी उठून म्हणाला, "साहेब, हा चष्मा घालून माह्या वावरात दोन तासं फवारून दाखवा. घामानं आंधळे होसान." फिल्ममधलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण ती करणाऱ्याने तो पंप पाठीवर घेतलेला नव्हता, आणि ज्याने रोज घेतलेला आहे त्याला ते पहिल्या क्षणी कळलं.

दुसऱ्या रात्री पडद्यावर पतंग जमले. एरवीही जमतात, कार्तिकापर्यंत पाखरं उजेडावर येतातच. त्या रात्री पुढे बसलेले एक गृहस्थ उठले, पडद्याजवळ गेले आणि शिवणीवर बसलेला एक बारका तपकिरी पतंग चिमटीत धरून हातावर घेतला. फिल्म चालू होती, चित्र त्यांच्या पाठीवर पडत होतं. त्यांनी तो पतंग बाजूच्याला दाखवला, त्याने पुढच्याला. "बोंडअळीचा हाय." त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने बोंडं आतून पोखरली होती, हे आम्हाला पुढे वेचणीला पूर्ण कळलं. मी प्रोजेक्टर बंद केला. पुढे तासभर लोक पऱ्हाटीवर बोलत राहिले, आणि मला वाटतं, त्या पडद्याचा तेवढा चांगला उपयोग क्वचितच झाला असेल.

कापसाच्या बाहेरचे चित्रपट मी 'आमचं मरणच दिसते' म्हणणाऱ्या त्या बाईंच्या बोलण्यानंतर जास्त दाखवू लागलो. सुमित्रा भावे यांचे 'बाई' आणि 'पाणी' हे १९८५ आणि १९८७ चे लघुपट बचत गटांच्या बायांना दाखवावेत. ते जुने झालेले नाहीत. भावे मूळच्या समाजकार्यातल्या, आणि बाईचं ऐकून घेण्याची त्यांची रीत चित्रपटात उतरली आहे. फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' पोरांना दाखवावा. यंत्रमागाच्या गावातली माणसं उसन्या सामानावर आपला सुपरमॅन कसा उडवतात ते पाहून पोरं दुसऱ्या दिवशी मोबाईल घेऊन वावरात पळतात. आणि शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' म्हाताऱ्यांना. महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या तंबू टॉकीज कशा विझत गेल्या, हे त्यात आहे. त्यातला प्रोजेक्टर दुरुस्त करणारा कारागीर मला स्वतःच्या काकासारखा वाटतो. तो यंत्राला हात लावतो तेव्हा मी दरवेळी पुढे सरकून बसतो.

आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' तीन तासांहून मोठा. १९९७ साली मुंबईतल्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली, त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांनी १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये घोगरेंना गाताना टिपलं होतं. पुढची चौदा वर्षं त्यांनी या चित्रपटाला दिली. मी तो चौदा एप्रिलच्या आधीच्या एका रात्री बुद्धविहारासमोर लावला. मध्यंतर ठेवलं होतं, ते लोकांनी घेऊ दिलं नाही. गाणं आलं की मागून टाळी, मग सगळा जमाव टाळी. रात्री एक वाजता संपलं. एक आजोबा खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेले आणि कापडाला हात लावून नमस्कार केला. चित्रपट इतका मोठा कशाला, असं मला पूर्वी वाटायचं. त्या रात्रीपासून वाटत नाही.

नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' मात्र मी घाईने लावला असता तर चूक झाली असती. शाळेच्या ओढीने तळमळणारं, पण चोरीला जुंपलेलं पोर, अशी ती गोष्ट. दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार तिला आहे. मी पारध्यांच्या बेड्यावर गेलो तेव्हा तिथल्या एका जाणत्या माणसाने विचारलं, "यात काय दाखवते ते आधी आमाले दाखव." चोरीचा शिक्का कपाळावर घेऊन जगलेल्या लोकांना तसंच चित्र मोठ्या पडद्यावर, आजूबाजूच्या गावच्या माणसांसमोर दाखवायला मी निघालो होतो. लॅपटॉपवर त्यांच्यातल्या चार-पाच जणांनी पंधरा मिनिटं पाहिलं. मग म्हणाले, लाव, पण आमच्या लोकांपुरतं. तसंच लावलं. पोरांनी दुसऱ्यांदा लावायला लावलं. आता कुठलाही चित्रपट ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्या चार माणसांना आधी दाखवल्याशिवाय मी पडदा बांधत नाही. मंजुळेंचाच 'पावसाचा निबंध' मात्र कुठेही, कुणालाही दाखवावा. गळणाऱ्या घरातल्या पोराला गुरुजींनी पावसावर निबंध लिहायला सांगितलेला असतो. आमच्या शाळांमध्ये तो संपल्यावर मुलं नव्हे, गुरुजी गप्प होतात.

मुलांना मी फाळक्यांची एक गोष्ट सांगतो. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो रोज थोडा थोडा टिपून त्याचा वेल झरझर वाढताना दाखवला. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून. एका जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांनी तोच प्रयोग सरकीवर केला. दुकानातल्या सरकीला औषध लावलेलं असतं, ती पोरांच्या हातात द्यायची नाही, म्हणून जिनिंगमधली आणली. प्लास्टिकच्या पेल्यात माती, खिडकीत पेला, समोर विटेवर टेकवलेला मोबाईल. सहाव्या दिवशी माती फुगली, अंकुर कमरेत वाकलेला वर आला आणि दोन पानांच्या डोक्यावर सरकीचं टरफल टोपीसारखं अडकून राहिलं. ते पडायला दीड दिवस लागला. फिल्ममध्ये तो दीड दिवस चार सेकंदांचा झाला. पेरणारे बाप पडद्यासमोर बसले होते. त्यांनी जन्मभर सरकी पेरली, पण अंकुराने टोपी झटकलेली कुणी पाहिली नव्हती.

'बिटर सीड्स' पाहून एका मुलीने माझा कॅमेरा हातात मागितला होता. सोळा-सतरा वर्षांची, तांड्यावरची. मी दिला. पुढच्या वेचणीत तिने मोबाईलवर चार मिनिटांची फिल्म केली, फक्त आईच्या हातांची. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी असतात, नखांच्या कडेला फाटतं. आईने बोटांना चिंधी गुंडाळलेली, चिंधीवर तपकिरी डाग. बोटं बोंडात जातात, पाचही पाकळ्यांतला कापूस एका झटक्यात ओढतात, ओटीत टाकतात. कापूस सुटताना एक बारीक चर्र आवाज येतो, तो मी आयुष्यभर ऐकला असेन, पण तिच्या फिल्ममध्ये पहिल्यांदा ऐकला. बोलणं एकही नाही. मी तिला सांगितलं, संगीत घालू नकोस. तिने विचारलं, "कायले घालू?" हा चार मिनिटांचा लघुपट मी आता प्रत्येक खेळाच्या आधी लावतो.

मागच्या वर्षी ताईंकडून फोन आला. अठरा वर्षांनी. मुलीचं लग्न होतं. "भाऊ, तुमीच या शूटिंगले." मी म्हटलं, येतो, पैशांचं बोलू नका. त्या म्हणाल्या, "पैशायचं बोलीनच." आणि बोलल्या.

लग्न गावातच, मांडव दारात. बोहल्याच्या मागे एका खुर्चीवर तो निळ्या पार्श्वभूमीचा फोटो हार घालून ठेवला होता. मी हळद घेतली, वरात घेतली, अक्षता घेतल्या. पंगतीत ताई स्वतः बुंदी वाढत होत्या. व्याह्यांपैकी कुणीतरी काही बोललं, आणि त्या हातातला वाडगा तसाच धरून, मान मागे टाकून हसल्या. मी कॅमेरा त्यांच्यावरच ठेवला. मला त्या हसतानाचा आवाज माहीत नव्हता.

व्हिडिओ तयार झाल्यावर पेनड्राइव्ह घेऊन गेलो. त्या म्हणाल्या, मोबाईलवर नको, तुमचा कपडा बांधा. मग एका शनिवारी त्यांच्या दारापुढे पडदा बांधला. शेजारपाजार जमला. ताई अगदी पुढे, पथारीवर, पाय लांब करून बसल्या. तो फोटो पडद्यावर आला तेव्हा शिवण बरोबर हारावरून गेली. कुणी काही बोललं नाही. मग पंगत आली, बुंदी आली, त्यांचं हसू आलं.

"भाऊ, मागं घे थोडं."

मी मागे घेतलं. त्या पुढे सरकून पाहत राहिल्या.

"पुन्हा एकदा."

मी पुन्हा घेतलं. जावई आणि मुलगी एकमेकांकडे पाहून हसायला लागले होते. ताईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"आणखी एकदा घे."